किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीचा प्रवास: आखणी किलोमीटरवर नको, घड्याळावर करा

समुद्रकाठच्या रस्त्याचा बेत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. आपण नकाशा उघडतो, दोन गावांमधलं अंतर बघतो, 'दीडशे किलोमीटर म्हणजे तीन तास' असं म्हणून मोकळे होतो आणि त्या हिशोबावर मुक्काम बुक करतो. मैदानातल्या हायवेवर हा हिशोब चालून जातो. किनाऱ्यावर नाही. तिथे रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालतो, प्रत्येक डोंगराच्या सोंडेवर चढतो आणि पुन्हा पाण्याच्या पातळीवर उतरतो. पलीकडचं गाव समोर दिसत असतं आणि तिथे पोचायला पाऊण तास लागतो. शिवाय दर दोन वळणांनी कुणीतरी म्हणतंच, 'जरा थांबव ना!' थांबायचं नसेल तर या रस्त्याला यायचंच कशाला?

म्हणून किनाऱ्याच्या प्रवासाची आखणी तासांवर करावी. त्यातही तीन घड्याळं सांभाळायची असतात: रस्त्याचं, उजेडाचं आणि समुद्राचं. पहिल्या दोघांकडे लोक थोडंफार लक्ष देतात, तिसऱ्याकडे जवळजवळ कुणीच नाही. या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी तुकडा निवडा

अख्खा किनारा एका दमात करायचा मोह टाळा. आयर्लंडचा 'वाइल्ड अटलांटिक वे' २०१४ मध्ये सुरू झाला. उत्तरेच्या डोनेगलपासून दक्षिणेच्या किन्सेलपर्यंत तो जवळपास २५०० किलोमीटर आहे. आठवड्याभराच्या सुट्टीत तो 'पूर्ण' करणाऱ्याला स्टिअरिंगच जास्त दिसणार. त्याच आठवड्यात त्यातलं एक टोक निवडलं तर सकाळी किल्ला, दुपारी झोप आणि संध्याकाळी पुळणीवर चालणं, असं सगळं बसतं. उलट नॉर्वेचा प्रसिद्ध अटलांटिक रस्ता १९८९ मध्ये खुला झाला आणि तो आहे जेमतेम सव्वाआठ किलोमीटरचा. बेटांवरून आठ पूल उड्या मारत जातात. तो वीस मिनिटांत ओलांडता येतो, पण वाऱ्याच्या दिवशी एकदा आणि निवांत हवेत एकदा असा दोनदा बघितला तरी पैसे वसूल.

तुकडा निवडताना मी एकच कसोटी लावतो. हातातल्या दिवसांपैकी एक दिवस सरळ रिकामा सोडायचा आणि उरलेल्या दिवसांत रोज चार तासांहून जास्त गाडी चालवावी लागणार नाही एवढाच किनारा घ्यायचा. रिकामा दिवस वाया जात नाही. पाऊस, दरड, बंद पडलेली फेरीबोट किंवा एखाद्या गावाचा जडलेला लळा, यांपैकी काही ना काही तो खाऊन टाकतंच.

समुद्र कोणत्या हाताला हवा?

हा प्रश्न आखणीच्या पहिल्या संध्याकाळीच सोडवा, कारण त्यावर सगळी दिशा ठरते. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला राहील अशा दिशेने जावं. मग तुम्ही पाण्याच्या बाजूच्या लेनमध्ये असता, मधे समोरची वाहनं येत नाहीत आणि थांब्यासाठी गाडी रस्त्याबाहेर घ्यायला समोरून येणाऱ्यांना छेदावं लागत नाही. आंधळ्या वळणावर हा छेद टळणं दृश्यापेक्षाही मोलाचं. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांत याच्या नेमकं उलट.

म्हणून कॅलिफोर्नियाचा हायवे १ उत्तरेकडून दक्षिणेला उतरत करावा. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड टॉर्कीपासून पश्चिमेकडे ॲलन्सफर्डला जात करावा. आपल्याकडच्या पश्चिम किनाऱ्यावर आधी आतल्या हायवेने दक्षिणेचं टोक गाठून मग किनाऱ्याने उत्तरेला चढत यावं.

दोन अपवाद. गाडीत कुणाला उंचीची भीती असेल तर मुद्दाम उलट दिशा घ्या, डोंगराच्या बाजूची लेन मिळते. आणि पश्चिमेला तोंड करून जाणारा रस्ता असेल, तर संध्याकाळचे शेवटचे दोन तास सूर्य थेट डोळ्यांत असतो. अशा रस्त्यावर चालवणं सकाळीच उरका.

उजेडाचाही विचार इथेच करा. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे पाण्याचा रंग खरा दिसतो, निळा-हिरवा वेगळा कळतो. दुपारनंतर तेच पाणी नुसतं चकाकतं. कडे मात्र संध्याकाळी उजळतात. म्हणजे उंचावरून पाणी बघायचं ठिकाण सकाळी, आणि खाली उभं राहून कडा बघायचा तो दिवस कलताना. पूर्व किनाऱ्यावर हे सगळं उलटं.

हंगाम

ऐन हंगामाच्या आधीचे किंवा नंतरचे काही आठवडे सर्वांत चांगले. हवा बरी असते, रस्ते मोकळे, मुक्कामाची जागा आयत्या वेळीही मिळते. गर्दीच्या काळात काही किनाऱ्यांवर नियमच बदलतात. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावरच्या अरुंद रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या गाड्यांना नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार सम-विषम तारखांची अट असते. भाड्याची गाडी घेतल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

वादळांचा मोसम वेगळा तपासा. अटलांटिकमध्ये हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. मोसमी पावसाच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात हे खरं, पण छोट्या बोटी बंद असतात आणि दरडी येतात. आणि धुकं हिवाळ्यातच असतं असं समजू नका. जिथे किनाऱ्यालगत थंड प्रवाह वाहतो तिथे ऐन उन्हाळ्यात दाट धुकं बसतं, कारण समुद्रावरची दमट हवा थंड पाण्यावरून येताना गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. कॅलिफोर्नियात जून महिना त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. हे धुकं बहुधा दुपारपर्यंत विरतं, म्हणून तिथल्या उंचावरच्या जागा सकाळी आठच्या टप्प्यात टाकू नका. सकाळच्या पाण्याचा वर सांगितलेला नियम अशा किनाऱ्यावर बाजूला ठेवायचा.

टप्प्याचा हिशोब

समजा नकाशाचं ॲप १५० किलोमीटरला सव्वातीन तास दाखवतंय. त्यात सरळ पाव भाग वाढवा, कारण अनोळखी घाटवळणांवर आपण तिथल्या रोजच्या चालकांइतके वेगाने जात नाही, आणि जाऊही नये. झाले चार तास. आता थांबे. दोन मोठे थांबे प्रत्येकी तासाभराचे, म्हणजे उतरायचं, चालायचं, परत यायचं. चार छोटे थांबे पाव-पाव तासाचे. जेवण एक तास. इंधन, रस्त्याची कामं, चुकलेलं वळण, गुरांचा कळप यांना मिळून अर्धा तास. बेरीज साडेआठ तास. सकाळी साडेआठला निघालात तर पाच वाजता पोचाल. सूर्यास्त साडेसहाचा असेल तर हा टप्पा बसतो. साडेपाचचा असेल तर जेमतेम बसतो, मग एखादा थांबा काढून टाका.

मुक्कामाला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचायचं, ही रेषा मी हलवत नाही. अंधारात किनाऱ्याचा रस्ता फक्त धोकाच देतो, दिसत तर काहीच नाही. शिवाय तिन्हीसांजेला जनावरं रस्त्यावर येतात. ऑस्ट्रेलियात कांगारू, इतरत्र हरणं, डुकरं, गुरं.

थांब्यांच्या बाबतीत एक सांगतो, पटलं तर घ्या. प्रसिद्ध जागांची यादी करा आणि तिच्यातली निम्मी खोडा. सलग चार उंच कडे बघितले की चौथ्याला कुणी गाडीतून उतरत नाही. त्याऐवजी जात बदला: एक कडा, एक खाडीचं मुख, एक दीपगृह, एक लांब रेतीचा पट्टा, एक मासेमारीचं बंदर. बंदरात पहाटे नाहीतर बोटी परततात त्या वेळी जावं, भर दुपारी तिथे फक्त वाळत घातलेली जाळी असतात.

समुद्राचं घड्याळ

एकच पुळण सकाळी फुटबॉलच्या मैदानाएवढी असते आणि दुपारी तिथे उभं राहायला जागा नसते. गुहा, खडकातली डबकी, ओहोटीला पायी जाता येणारी बेटं, समुद्रातले किल्ले, हे सगळं भरती-ओहोटी बघूनच ठरवावं लागतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. चंद्रामुळे हे चक्र २४ तासांचं नसून साधारण २४ तास ५० मिनिटांचं असतं, म्हणून वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज ओहोटी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी असेल तर उद्या साडेअकराच्या सुमारास, परवा बारा-वीसच्या आसपास. एवढ्यावर चार-पाच दिवसांचा कच्चा आराखडा होतो. पक्क्या वेळा मात्र त्या-त्या बंदराच्या वेळापत्रकातूनच घ्या. शेजारच्या दोन बंदरांतही फरक असतो, आणि खाडीच्या आत तर भरती उशिरा पोचते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, बरेचदा एक-दोन दिवस नंतर, उधाण येतं. तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, चढ-उतार कमी. ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि वाळूचे दांडे बघायचे असतील तर उधाणाचे दिवस धरा, निवांत होडीची सफर करायची असेल तर भांगेचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, त्यामुळे सुट्टीचा अर्ज टाकण्याआधीच हे कळू शकतं.

याच्या पोटात आणखी एक खुबी आहे. एखाद्या ठिकाणी उधाणाची ओहोटी दर खेपेला दिवसाच्या साधारण त्याच वेळी येते. म्हणजे एखाद्या किनाऱ्यावर ती नेहमी संध्याकाळी सहाच्या सुमारास येत असेल, तर पौर्णिमेला जाणाऱ्याला सूर्यास्त आणि मोकळी पडलेली वाळू एकत्र मिळणार. आठवडाभर सरकवलेल्या सुट्टीत त्याच वेळी तिथे पाणी भरलेलं असेल. निघायच्या तारखेत लवचीकता असेल तर ती इथे वापरा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात घ्या. नाविकांचा बाराव्या भागांचा ढोबळ नियम आहे: ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक बारांश चढतं. चढ-उतार चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पूर्ण एक मीटर. पहिला तास बघून 'हळूच चढतंय की' असं वाटतं आणि माणसं खडकावर अडकतात ती तिसऱ्या तासात. म्हणून ओहोटीच्या जागी ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोचावं आणि पाणी वळल्यावर लगेच मागे फिरावं.

काही ठिकाणी रस्ताच समुद्राखाली जातो. फ्रान्समधल्या नुआरमूतिए बेटाकडे जाणारा पासाज द्यू ग्वा चार किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि दिवसातून दोनदा बुडतो. इंग्लंडच्या ईशान्येला लिंडिसफार्नच्या बेटाचा रस्ताही तसाच. दोन्हीकडे वेळा जाहीर केलेल्या असतात, पाट्या लावलेल्या असतात, तरी गाड्या अडकतात. 'अजून पाणी घोट्याएवढंच आहे' हा विचार मनात आला की गाडी वळवा.

चढ-उतार किती, हेही किनाऱ्यागणिक बदलतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो, भूमध्य समुद्राच्या बऱ्याच भागात जेमतेम वीस-तीस सेंटिमीटर. भूमध्य किनाऱ्यावर जाणार असाल तर हा अख्खा भाग विसरलात तरी चालेल.

खाड्या आणि फेरीबोटी

खाडीवर पूल नसेल तर दोनच पर्याय: पन्नास-साठ किलोमीटरचा वळसा नाहीतर गाडी बोटीत घालून पलीकडे. कोकणात दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडले अशा जेट्यांवर हेच चालतं, नॉर्वेच्या फिओर्डांवरही हेच. फेरीबोट माझ्या मते या प्रवासातला सर्वांत आनंदाचा वेळ आहे, चालवणाऱ्यालाही बाहेर बघता येतं.

पहिली आणि शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. ॲपवरच्या वेळा जुन्या असू शकतात. वारा, उधाण, बोटीची दुरुस्ती यांमुळे फेऱ्या रद्द होतात, म्हणून शेवटच्या बोटीवर कधीही भिस्त ठेवू नका, निदान तिच्या आधीचीच धरा. बोटीत गाडी चढवताना कर्मचारी हात दाखवतील तसंच घ्या, काही ठिकाणी रिव्हर्सने चढवायला सांगतात. जागेवर आल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, दिवे बंद, आरसे मिटलेले. ओहोटीला जेटीचा उतार जास्त तीव्र होतो, तेव्हा बुटक्या गाडीचं नाक खाली घासतं. माणसं उतरवून चढवा.

मुक्काम

रोज नवा मुक्काम ही हौस दोन दिवसांत फिटते. सामान बांधणं, गाडीत लावणं, नवी जागा शोधणं, पुन्हा सोडणं यात दिवसाचे दोन-अडीच तास जातात. त्यापेक्षा दोन-दोन रात्रींचे तळ करा. तळापासून एक दिवस उत्तरेला, एक दिवस दक्षिणेला हात मारायचा आणि तिसऱ्या सकाळी पुढे सरकायचं.

जागा निवडताना 'समुद्रदर्शन' या शब्दापेक्षा गाडी कुठे लागणार ते विचारा. जुन्या किनारी गावांच्या गल्ल्या गाड्यांच्या आधीच्या आहेत. पार्किंग अर्धा किलोमीटर लांब आणि मधे ऐंशी पायऱ्या, असं असू शकतं, आणि बरोबर आजी असेल तर ते आधी कळलेलं बरं.

नकाशा आणि दुसरा रस्ता

ॲपला सर्वांत जवळचा नव्हे, सर्वांत लवकर पोचवणारा रस्ता आवडतो. किनाऱ्याने जायचं असतं आणि ते तुम्हाला आतल्या हायवेवर ढकलतं, तेही तुमच्या लक्षात न येता. उपाय सोपा: दिवसाच्या टप्प्यात किनाऱ्यावरची तीन-चार लहान गावं मधले थांबे म्हणून टाका, म्हणजे मार्ग पाण्याला चिकटून राहतो. संपूर्ण भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. कड्याखालच्या रस्त्यावर फोनला रेंज नसणं हे नेहमीचंच.

आता दुसरा रस्ता. किनाऱ्याचे रस्ते डोंगर कापून काढलेले असतात, खालून लाटा पाया खातात आणि वरून माती सरकते. मे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात बिग सर भागात मड क्रीकला एवढी मोठी दरड आली की हायवे १ तिथे थेट जुलै २०१८ मध्ये खुला झाला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच भागात रॅट क्रीकला रस्त्याचा तुकडाच समुद्रात गेला. असं होतं तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने पर्याय नसतो. मागे फिरून डोंगरापलीकडच्या हायवेने जावं लागतं आणि त्यात अर्धा दिवस जातो. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी कागदावर एक ओळ लिहा: 'इथे बंद असेल तर इथून आत वळायचं.' आणि रोज सकाळी निघण्याआधी त्या भागाच्या रस्ते विभागाची सूचना बघा.

इंधनाचं धोरण एकच: काटा अर्ध्यावर आला की पहिला पंप गाठायचा. विजेच्या गाडीला हे आणखी काटेकोर लागतं. चढ-उतारांत रेंज वर-खाली होते आणि छोट्या गावात एकच चार्जर असतो, तोही कधी कधी दुसऱ्या कुणी अडवलेला. मुक्कामाच्या जागी रात्री चार्जिंग मिळेल अशीच जागा घ्या.

परदेशात चालवणार असाल तर मूळ लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो का ते बघा. भाड्याच्या गाडीच्या करारात तीन गोष्टी शोधा: कच्चा रस्ता, पुळण आणि फेरीबोट. यांतलं काय विम्यातून वगळलंय ते तिथे बारीक अक्षरात असतं.

गाडी

ब्रेक, टायर, कूलंट, स्टेपनीतली हवा, हे कुठल्याही लांबच्या प्रवासाआधी बघतोच. किनाऱ्यासाठी वेगळं लक्ष काचेकडे द्या. लाटांचे तुषार वाऱ्याने उडून काचेवर बसतात, पाणी उडून जातं आणि मिठाचा पातळ थर उरतो. दुपारी तो दिसतही नाही. सूर्य खाली उतरला आणि तिरपे किरण काचेवर पडले की अचानक समोर पांढरा पडदा येतो, बरोबर वळणावर. अशा वेळी कोरडा वायपर फिरवला तर थर आणखी पसरतो. म्हणून वायपरची टाकी रोज भरा, पाण्याची बाटली आणि मऊ फडकं दाराच्या खणात ठेवा आणि दुपारच्या थांब्यावर काच बाहेरून धुऊन घ्या. आतूनही पुसा.

गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली घट्ट वाळू संपते तिथे खाली गाळ असतो, टायर एकदा फिरायला लागला की खोदतच जातो आणि तेवढ्यात भरती सुरू झालेली असते. बऱ्याच किनाऱ्यांवर ते बेकायदाही आहे, कासवं आणि पक्षी वाळूतच अंडी घालतात. कुठे परवानगी असेल आणि रुतलातच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाकांमागची वाळू उकरा, टायरमधली हवा एक तृतीयांशाने कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे या. पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरा.

प्रत्यक्ष रस्त्यावर

उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवू नका, ते तापतात आणि पकड जाते. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. आंधळ्या वळणावर हॉर्न, आपली लेन, आणि नजर पाण्याकडे नाही. चालवणाऱ्याने दृश्य बघायचं ते गाडी थांबवून. हे सांगायला सोपं आणि पाळायला कठीण आहे, म्हणून दीड-दोन तासांनी चालक बदला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला खिडकी येते.

एकाच गाडीपुरत्या रुंद, पण दोन्हीकडून वाहतूक असलेल्या रस्त्यांची एक शिस्त असते. स्कॉटलंडच्या 'नॉर्थ कोस्ट ५००' या सुमारे ८३० किलोमीटरच्या फेरीत असे तुकडे भरपूर आहेत. ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घेण्याची रुंद जागा असते. समोरून गाडी आली आणि ती जागा तुमच्या हाताला असेल तर आत शिरा. पलीकडच्या हाताला असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबा, समोरचा तिच्यात वळून निघून जाईल. चुकूनही पलीकडे शिरू नका. मागे कुणी घाईचा चालक लागला असेल तर त्यालाही तिथेच वाट द्या. आणि ही जागा फोटोसाठी गाडी लावायची नव्हे. तिथले लोक पर्यटकांवर सर्वांत जास्त वैतागतात ते यावरूनच.

धुक्यात अप्पर लावला तर उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो, डिप्परवरच चालवा. पुलावर आणि उघड्या सोंडेवर आडवा वारा अचानक लागतो. टपावर सामान बांधलेली गाडी तिथे ओढली जाते, वेग आधीच कमी करा.

गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, क्षितिजाकडे बघायला सांगा, फोन काढून घ्या. औषध द्यायचं तर घाट सुरू होण्याच्या अर्धा-एक तास आधी. आणि ते घेतलेल्याला चालवायला बसवू नका, झोप येते.

पाण्याजवळ

अनोळखी समुद्रात उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. लाटा फुटत असताना मधेच एक शांत, गडद पट्टा दिसतो का? तो पोहायला सोयीचा वाटतो, आणि तोच धोक्याचा: किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत समुद्रात जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा आणि मग किनाऱ्याकडे वळा. जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. जीवरक्षक असतील तिथेच उतरा. अनेक देशांत लाल-पिवळे झेंडे त्यांच्या देखरेखीची हद्द दाखवतात, नुसता लाल झेंडा म्हणजे धोका.

न उतरणाऱ्यांनाही एक नियम: समुद्राकडे पाठ करू नये. आइसलंडच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर लहान लाटांच्या मालिकेत अचानक एखादी मोठी लाट खूप वरपर्यंत येते आणि काठावरच्या माणसांना ओढून नेते. खडक ओला असेल तर लाट तिथवर येऊन गेलेली आहे, एवढं समजावं.

सामान आणि परतीचा दिवस

सामानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाऱ्याला अडवणारं जॅकेट उन्हाळ्यातही, एक जोडी भिजली तरी चालेल अशी पादत्राणं, ओल्या कपड्यांची बंद पिशवी, टॉर्च, प्रथमोपचार, मोबाइल चार्ज करायची दोन साधनं. गाडीच्या डिकीत वाळू येणारच, एक जुनी चादर अंथरून ठेवा.

परतीचा टप्पा किनाऱ्याने न करता आतल्या हायवेने करा आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ किंवा घराच्या हाताशी येईल अशी ठेवा. किनाऱ्यावरून थेट विमान गाठण्याच्या बेतात एक रद्द फेरीबोट पुरते. भाड्याची गाडी असेल तर परत देण्याआधी चारही बाजूंनी, चाकांचे आणि काचेचे फोटो काढा, आतली वाळू व्हॅक्यूमने ओढून घ्या. स्वतःची असेल तर दोन दिवसांच्या आत खालचा भाग आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने जोरात धुऊन घ्या. बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरं काही धरलंय का तेही बघा.